ढब्बीला पाणी घालू नये

पावस
१८ जुलै

चि. मनस्वी,

आशीर्वाद. घ्यायचे की परत पाठवायचे ते तू ठरव, मी लिहिले.

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोन केला असता, पण आपलं फोनवर काय होतं ते तुला माहीत आहे. मी ‘काय गो’ म्हणतो, तू ‘बरं चाललंय’ म्हणतेस, आणि मग दोघंही दुसऱ्यानं ठेवायची वाट बघत बसतो. मेसेज लिहायला घेतला तर आंब्याच्या चिकानं जाड झालेला माझा अंगठा एका अक्षरावर ठेवला की तीन उमटतात. कागदावर मी अजून शहाणा माणूस आहे.

कामाचं लिहितो. तुझी ढब्बी आजारी आहे. दापोलीला शिकत असताना तू आणलेलं ते जाड पानांचं, गुलाबाच्या फुलासारखं दिसणारं झाड. त्याचं इंग्रजी नाव तू दोनदा सांगितलंस आणि आईनं ते कानाआड करून ढब्बी हेच नाव ठेवलं. तू गेल्यावरही ती स्वयंपाकघराच्या खिडकीतच आहे. आईनं तुझे कपडे ट्रंकेत घातले, भिंतीवरचा फोटो उतरवला, पण कुंडीला हात लावला नाही. हे तुला ठाऊक असावं म्हणून लिहितो.

तर ढब्बीनं मान टाकली आहे. खालची पानं लोंबतायत, बोट लावलं तर गळून हातात येतात. जन्मभर मी कलमं बांधली, राजापुरापर्यंत माझ्या हातची हापूसची झाडं उभी आहेत, आणि या वीतभर कुंडीपुढे माझं डोकं चालेना. पहिल्यांदा वाटलं, भुकेली असेल. म्हणून थोडी कुटी घातली, माडाला घालतो तेच सुक्या मासळीचं खत. शेजारच्या काशीची मांजर दोन दिवस खिडकीतून हलली नाही आणि ढब्बी आणखी वाकली. हसू नकोस.

तिकडे होसूरला पॉलीहाऊसमध्ये तू हजारो झाडं सांभाळतेस. त्यातल्या एकीचं काय करायचं तेवढं कळव. काशीच्या सुनेकडून फोटो काढून तुला पाठवला आहे.

आई बरी आहे. हल्ली तुझं नाव काढते.

बाबा


२७ जुलै

चि. मनू,

तुझा मेसेज पोचला. ‘पानं सुरकुतलीत की पिवळी आणि मऊ? उजेडात धरल्यावर आरपार दिसतात का? माती ओली आहे का? कुटी कोणी घालायला सांगितली?’ एवढे प्रश्न, आणि बाबा कसे आहात हा त्यात एकही नाही. तरी मी तो मेसेज जेवताना परत वाचला. आईनं विचारलं, कोणाचा? म्हटलं, खतवाल्याचा.

पानं सुरकुतलेली नव्हती. शिजलेल्या अळवासारखी मऊ, आणि उजेडात धरली की पलीकडचं माझं बोट दिसत होतं. माती ओली, वर वास. तू कळवलंस की हे तहानेचं लक्षण नाही, पाणी जास्त झालंय, मुळं कुजली असणार, काढून बघा. काढलं. मुळं काळी पडली होती आणि भिजक्या सुतळीसारखी हाताला लागून येत होती. खालचं खोडही गेलेलं. तू सांगितल्याप्रमाणे सुरी तापवून घेतली आणि आतला गर स्वच्छ हिरवा लागेपर्यंत वरवर कापत गेलो. काळा ठिपका दिसला की आणखी वर. सरतेशेवटी मुठीत मावेल एवढा शेंडा उरला.

त्यानंतरचं तुझं सांगणं मात्र माझ्या पचनी पडलं नाही. कापलेला शेंडा उघडा सावलीत ठेवायचा, माती नाही, पाणी नाही, जखम सुकून तिच्यावर खपली धरेपर्यंत! अगो, आम्ही कलमाची काडी कापली की जीव मुठीत धरून बांधतो, जखमेला वारा लागू देत नाही. आणि तू म्हणतेस सुकू द्या. ठेवलाय सुपात, माळ्याखाली. येता-जाता बघतो नि हात मागे घेतो.

पाणी कोण घालतं म्हणून विचारलंस. आई घालते, पूर्वीपासून. सकाळी तुळशीला घालून तांब्यात उरलेलं घोटभर. त्यानं इतकी वर्षं काही झालं नाही, मग आताच कशी कुजली? मला वाटतं खिडकीतून पावसाचे सपके येत असणार. यंदा झड फार आहे.

सुपातला शेंडा बघून आई रडली. “अहो, मनूच्या ढब्बीची मान कापलीत? ती आली म्हंजे मी तिला काय सांगू?” म्हणाली. तू गेल्यापासून तिनं तुझं नाव तोंडातून काढलं नव्हतं, ते आता दिवसातून कितीदा तरी येतं.

बाबा


१४ ऑगस्ट

चि. मनू,

खपली धरली. कापलेली जागा कोरडी, टणक झाली. तू जिंकलीस.

नवी कुंडी घेतली, तळाला भोक पाडून. माती कमी, नदीची जाड रेती जास्त, आणि तू सांगितलेला तो दगड आपल्याकडे कुठला मिळायला, म्हणून चिरेखाणीवरून जांभ्याच्या कपच्या आणून बारीक फोडल्या. त्यात शेंडा नुसता टेकवून ठेवला. मूळ धरेपर्यंत पाणी नाही हे आईला बजावून सांगितलं. शिवाय खिडकीच्या झडपेवर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘ढब्बीला पाणी घालू नये.’ आईनं मोठ्यानं वाचलं आणि म्हणाली, “बरं केलंत. पोरंबाळं घालतात.” आपल्या घरात पोरंबाळं कुठली? मी हसलो.

तरी दुसऱ्या दिवशी कुंडी चिंब. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. कारण सापडलं, ते असो. आता कुंडी पडवीत वरच्या फळीवर ठेवली आहे, माझ्याशिवाय कोणाचा हात पोचत नाही.

दुसरं महत्त्वाचं. आई म्हणते, गणपतीला मनूला बोलवा. शब्द तिचेच आहेत, मी जोडलेले नाहीत. “मनूला नि जावयाला बोलवा, मोदकाला मदत होईल.” जावई म्हणाली, हर्षदला. ज्या बाईनं शिमग्यात दारात पालखी आलेली असताना, अख्ख्या वाडीदेखत, देवीची ओटी भरायला पुढं झालेल्या तुझ्या हातातलं ताट काढून घेतलं आणि न विचारता लग्न केलंत म्हणून दोघांना उंबऱ्यावरून परत लावलं, तिच्या तोंडून हे आलं. त्या दिवशी तू म्हणाली होतीस, आईनं स्वतः बोलावलं तरच या घरात पाऊल टाकीन. बोलावते आहे गो. ये.

बाबा


२ सप्टेंबर

मनू,

तिकीट मिळालं म्हणून कळवलंस. हर्षदलाही रजा मिळाली. खाली लिहिलंस, ‘बाबा, आई खरंच म्हणाली ना?’ गणपतीत कोकणात यायला तिकीट मिळणं म्हणजे देवच पावला, आणि मला दोन दिवस अन्न गोड लागलेलं नाही. कारण तुझ्या त्या प्रश्नाला ‘हो’ लिहिलं तर ते खरं आहे आणि नाहीही.

कुंडी खिडकीत होती तेव्हा ती कोण भिजवतं ते बघायला मी पडवीच्या दाराआड उभा राहिलो होतो. म्हटलं काशीची नातवंडं असतील. आई आली. झडपेवरची अक्षरं तिनं वाचली, मान हलवली, आणि तांब्या घेऊन पाणी घातलं. “तहान लागली गो बाय तुला? कोणी पाणी दिलंन नाय?” म्हणाली. तांब्या पालथा घातला, वळली, चुलीकडे गेली, तिथे जरा उभी राहिली, आणि परत खिडकीशी आली. “तहान लागली गो बाय तुला?” परत तांब्या भरला. परत. पुन्हा परत. दर वेळी आवाज तोच, माया तीच, जणू सकाळपासून पहिल्यांदाच बघतेय. मी पुढे होऊन तिचा हात धरायला हवा होता, पण मी दाराआडच उभा राहिलो.

मग सगळं ध्यानात येऊ लागलं. आमटीत दोनदा मीठ पडायचं, ते मी वयावर ढकलत होतो. बाजारात जाऊन ती रिकाम्या पिशवीनं परतायची, ते विसरभोळेपणावर. रत्नागिरीला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी वार विचारला तर हसून म्हणते, “तुम्हाला ठाऊक नाय काय?” डॉक्टरही हसले. मग मशीनमध्ये डोक्याचा फोटो काढला, तेव्हा हसले नाहीत. मेंदू आक्रसत चाललाय म्हणाले. गोळ्यांनी वेग कमी होईल, मागं फिरणार नाही. आज ती तुला तुझ्या नावानं ओळखेल. कधीपर्यंत, ते त्यांना सांगता येत नाही.

हे मी तुझ्यापासून लपवलं. तू यावंस म्हणून लपवलं. आई तुला बोलावते आहे, पण तिचा राग गेलेला नाही मनू, तिला तो आठवतच नाही. शिमगा आठवत नाही, ताट आठवत नाही. तिच्या डोक्यात तू अजून दापोलीहून शनिवारच्या एसटीनं येतेस. यातला जावई म्हणजे तरी हर्षदच की आणखी कोणी, मला सांगता यायचं नाही. तू इतकी वर्षं ज्या माणसाच्या एका शब्दासाठी अडून बसलीस तो शब्द आला, पण तो देणारं माणूस त्याच्या मागं आहे की नाही हे मला माहीत नाही. हे सांगितल्याशिवाय तुला घरात घेणं मला जमलं नसतं. येऊन दुसऱ्या दिवशी तुला कळलं असतं, आणि मग तू माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं असतंस ती मला नको आहे.

आता यायचं की नाही ते तू ठरव. मी म्हणेन, ये. लवकर ये.

बाबा


८ ऑक्टोबर

चि. मनू,

तू आली नाहीस. ‘आई मला बोलवत नाहीये, बाबा. मला थोडा वेळ द्या,’ एवढंच कळवलंस. मी तुला दोष देत नाही. दिला तर मलाच द्यावा लागेल, कारण पत्र मी लिहिलं.

गणपती झाले. मोदक काशीनं येऊन केले. आई नवं लुगडं नेसून पाखाडीच्या वरच्या पायरीवर बसली होती. खाली रस्त्यावर रिक्षा वाजली की उठायची. “मनू आली.” मी म्हणायचो, नाही गो, ती पुढच्या घरची. थोड्या वेळानं दुसरी रिक्षा. विसर्जनाच्या दिवशीसुद्धा विचारलं, अजून कशी नाय आली? मी म्हटलं, गाडी चुकली असेल. तेवढ्यानं तिचं समाधान झालं, माझं व्हायचं नाही.

त्यानंतर ती फार भराभर उतरली. काशीला आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारते. परवा मला म्हणाली, “तुम्ही कोणाकडे आलात? आमचे हे बागेत गेलेत, बसा.” मी बसलो. तिनं पाणी आणून दिलं. काय करणार, प्यायलो.

ढब्बीला मुळं फुटली. शेंडा हळूच ओढून बघितला तर तिनं खालून धरून ठेवलंय. मधोमध नखाएवढी दोन नवी पानं आहेत, घट्ट, कोवळी. काशीची सून फोटो पाठवणार होती, मी नको म्हटलं. खरं सांगू? मला तिचा राग आला. कापली, उपाशी ठेवली, तहानेली ठेवली आणि ही जगली. इथे मी वेळच्या वेळी गोळ्या देतो, भात भरवतो, हाताला धरून फिरवतो, आणि माझं माणूस माझ्यासमोर विझत चाललंय. झाडावर कोणी रागावतं का? मी रागावलो. संध्याकाळी लाज वाटली म्हणून फळीवरून खाली काढून तिला ऊन दाखवलं.

आईनं बोलावलं तरच येईन म्हणाली होतीस. आता ती कोणालाच बोलावत नाही. तेव्हा मी बोलावतो. माझ्या बोलावण्याला तुझ्या लेखी काही किंमत असली तर ये. माझ्यानं हे एकट्यानं बघवत नाही.

बाबा


१२ डिसेंबर

चि. मनू,

होसूरला सुखरूप पोचलीस हे हर्षदनं कळवलं. चांगला पोरगा आहे. सकाळी माझ्याबरोबर बागेत आला, मोहोर बघितला, त्यावरच्या तुडतुड्या किडीचा प्रश्न विचारला आणि उत्तर नीट ऐकून घेतलं. हे मी आधीच बघायला हवं होतं.

तुझ्या डोळ्यांदेखत घडलेलंच मी लिहितो आहे असं तुला वाटेल. पण मी पडवीत होतो, आणि तिथून मला जे दिसलं ते तुला दिसलं नाही.

तू दारात उभी राहिलीस आणि आई म्हणाली, “या, बसा. कुणाची गो तू?” मी ‘अगो, मनू’ म्हणणार, तोच तू मान हलवून मला गप्प केलंस. ‘लवूकाकांकडे कलमं बघायला आलेय,’ म्हणालीस, मलाच काका करून. तुझा आवाज अगदी सरळ होता, तो तसा कसा राहिला मला कळत नाही. मग चार दिवस तू आपल्याच घरात पाहुणी म्हणून राहिलीस. आईनं तुला सोलकढी वाढली आणि विचारलं, तुमच्याकडे करतात काय गो? तू म्हणालीस, अशी नाही करत.

शेवटच्या दुपारी तिनं तुला समोर बसवून केसांना तेल लावलं. तुझी पाठ तिच्याकडे होती, तोंड माझ्याकडे. ती बोलत होती, आणि तू हलली नाहीस.

“मला पण एक पोर हाय. तुझ्याएवढीच. केस असेच, हाताला लागतात ते.”

“कुठे असते?” तू विचारलंस.

“रागावून गेलीय. मीच बोलले तिला. पालखीत. सगळ्यांच्या देखत तिच्या हातातलं ताट घेतलं.” बोटं थांबली. “देवीच्या समोर गो. देवी काय म्हणाली असंल?”

“मग बोलवत का नाही तिला?”

“कुठल्या तोंडानं बोलवू? तू सांगशील तिला? कधी भेटली तर? म्हणावं, आवस चुकली तुझी. म्हणावं, ये.”

तू म्हणालीस, “सांगते.” आणि ती परत तेल लावू लागली. तुझ्या डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून खाली पडत होतं आणि मागून तिला काही कळत नव्हतं. मी खांब धरून उभा होतो.

मनू, मी तुला खोटं लिहिलं. जाणूनबुजून नाही, पण खोटंच. मी लिहिलं होतं तिला तो शिमगा आठवत नाही. तिला आठवत होता. बाकी सगळं गळून गेलं, तेवढाच राहिला होता, आणि ती तो कोणाला दाखवत नव्हती. माझ्या त्या शहाणपणाच्या पत्रानं तू गणपतीला थांबलीस. तेव्हा आली असतीस तर पाखाडीवर बसलेल्या तुझ्या आईनं तुला ओळखलं असतं, नावानं हाक मारली असती, आणि हेच तुला तुझ्या तोंडावर बघून सांगितलं असतं. हे मला आता जन्मभर पुरणार आहे. तू जाताना माझ्या पाया पडलीस, ते मला जड गेलं.

पण पत्र लिहायला बसलो ते यासाठी नाही. तू गेलीस त्या संध्याकाळपासून आई रोज विचारते, “ती कलमवाली पोर गेली काय? तिनं सांगितलंन काय मनूला?” मी म्हणतो, सांगितलंन. तिचा चेहरा उजळतो. आणि लगेच विचारते, “मनू काय म्हणाली?”

इथे मी अडकतो. काहीतरी बोलून वेळ मारून नेता येईल, मला तेवढी अक्कल आहे. पण एकदा तुझ्या वतीनं तिच्याबद्दल मी ठरवून बसलो आणि काय झालं ते बघते आहेस. तिच्या वतीनं तुझ्याबद्दल मी ठरवणार नाही. तेव्हा मनू काय म्हणाली, ते तू लिहून पाठव. राग असेल तर राग लिही, मी गाळणार नाही. दोन ओळी असल्या तरी चालतील. मी तिला वाचून दाखवीन. ती ऐकेल, आणि थोड्या वेळानं परत विचारील, आणि मी परत वाचीन. दर वेळी तिला ते पहिल्यांदाच कळेल.

बाबा